टॉप माउंट बदलून सात महिने: स्टेअरिंगच्या 'टंग्'चा पिच्छा

गाडी २०१७ ची पेट्रोल हॅचबॅक, इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंगवाली, आजचं रीडिंग ८६ हजार. मे महिन्याच्या शेवटी पुढचे दोन्ही टॉप माउंट, म्हणजे शॉकअपचं वरचं टोक गाडीच्या बॉडीला जिथे बसतं ते भाग, बेअरिंगसकट बदलले. त्यानंतर नाशिकमधलं रोजचं इंदिरानगर ते सातपूर, भर पावसात तीनदा त्र्यंबक आणि एकदा वणीचा घाट झाला. एवढं झाल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं, कारण त्याआधी एकदा "गेला एकदाचा आवाज" म्हणून पेढे वाटायचेच बाकी होते आणि चार दिवसांत तो पुन्हा हजर.

पार्किंगमधून गाडी काढताना स्टेअरिंग पूर्ण वळवलं की पुढून "टंग्!" लोखंडी कॉटची स्प्रिंग कुणी ओढून सोडावी तसा. त्याच क्षणी हाताला बारीक धक्का. स्पीडब्रेकरवर मात्र खडखड. हे दोन्ही आवाज मी एकच धरून चालले, तिथेच फसले.

शेजारच्या काकांनी "पॉवर स्टेअरिंगचं ऑइल बघ" म्हणून सांगितलं. मी बोनेट उघडून ऑइलची डबी शोधत बसले. इलेक्ट्रिक स्टेअरिंगला मोटर असते, ऑइल नसतंच, हे नंतर कळलं. मग एका गॅरेजमध्ये लिंक रॉड (सस्पेन्शनमधले छोटे जोडदांडे) बदलले. खडखड खरंच थांबली, आणि त्या आनंदात 'टंग्'ही गेला असं मीच ठरवून टाकलं. तो गेलेला नव्हता. तेव्हा वर्कशॉपला नेली. ट्रायल घेऊन त्यांनी अख्खी रॅक असेंब्ली, म्हणजे स्टेअरिंग फिरवलं की चाकं वळवणारा भाग, लिहून दिली, अंदाजे सव्वीस हजार. रॅकचाच आवाज कशावरून, असं विचारलं तर उत्तर आलं, "मॅडम, स्टेअरिंग फिरवल्यावर येतोय ना." एवढ्या कारणावर सव्वीस हजार घालवायला मी तयार नव्हते.

अंबड लिंक रोडवरच्या एका छोट्या गॅरेजमधल्या मेकॅनिकने गाडी चालवून बघितलीच नाही. उभ्या गाडीत आवाज येतो म्हटल्यावर इंजिनाची ताकद चाकांना देणारा ॲक्सल त्याने संशयातून लगेच बाजूला ठेवला. ॲक्सलचा जॉइंट गेला असेल तर गाडी चालू असताना वळणावर कटकट येते. बाबांना आत बसवून स्टेअरिंग सावकाश फिरवायला सांगितलं आणि मला म्हणाला, "ताई, स्प्रिंगवर बाहेरून तळहात टेका. बोटं आत घालू नका."

उजवी स्प्रिंग चाकाबरोबर गुळगुळीत फिरत होती. डावीकडे मात्र चाक वळत होतं आणि स्प्रिंग थोडी फिरून जागीच ताणली जात होती. मग तळहाताखाली एकदम उडी, आणि तोच आवाज. शॉकअप आणि स्प्रिंग वरच्या बेअरिंगवर फिरतात. ते जाम झालं की स्प्रिंगला पीळ बसत जातो आणि शेवटी ती झटक्यात सुटते. "वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ होतं का?" त्याने विचारलं. होत नव्हतं. मुंबई नाक्यावर वळल्यावर मलाच ते ओढून सरळ करावं लागायचं, आणि मी ते ट्रॅफिकच्या नावावर खपवत होते.

काम तीन तासांचं. स्प्रिंग दाबायला कंप्रेसर लावले तेव्हा त्याने मला चांगलं दहा फूट लांब उभं केलं, आणि बरोबर केलं. दाबलेली स्प्रिंग निसटली तर हाड मोडते, त्यामुळे व्हिडिओ बघून घरी करून बघण्यातलं हे काम नाही. डावं बेअरिंग हातात घेतलं तर आत गेरूसारखा चिखल, फिरवलं की कर्रकर्र. कारण बोनेटखालीच दिसत होतं: माउंटवरची रबरी टोपी गायब. कधी पडली देव जाणे, पण त्र्यंबकचा पाऊस आणि वॉशिंगवाल्याचं प्रेशरचं पाणी थेट आत जात होतं. उजवं तसं ठीक होतं. तरी एक जुनं आणि एक नवं नको म्हणून दोन्ही बदलले. सुटे भाग ३,४००, मजुरी १,२००, टोप्यांची जोडी १२०.

"चाकांचं अलाइनमेंट करून घ्या," असं त्याने दोनदा बजावलं होतं. मी चार दिवस टाळलं. मग हायवेवर पाथर्डी फाट्याच्या पुढे गाडी डावीकडे ओढायला लागली आणि स्टेअरिंग सरळ रस्त्यावर तिरकं. ४०० रुपये देऊन सरळ करून घेतलं. शॉकअप उतरवला की हे करावंच लागतं.

पावसाळ्यात 'टंग्' एकदाही आला नाही. वणीच्या घाटात तर मी रेडिओ बंद ठेवून कान लावून चालवत होते. स्टेअरिंग वळणातून स्वतःहून परत येतं, हात हलका झाला.

सगळंच मात्र शांत झालं नाही. ऑक्टोबरच्या उन्हात हळू वळताना पायापाशी कुरकुर सुरू झाली, नव्या चपलेसारखी. पुन्हा माउंट गेला की काय म्हणून पोटात गोळा. मुलाला स्टेअरिंग फिरवायला बसवलं आणि मी डॅशबोर्डखाली डोकं घातलं. स्टेअरिंगचा रॉड जिथून इंजिनाकडे जातो तिथलं रबर कोरडं होऊन घासत होतं. तिथे सिलिकॉन ग्रीस लावलं. साधं ग्रीस नको, त्याने रबर फुगतं. दोन महिने झाले, आवाज नाही. मान मात्र आठवडाभर धरली होती.

आता गाडी धुऊन आली की बोनेट उघडून दोन्ही टोप्या बघते. गेल्या आठवड्यात डावी जागेवर नव्हती. बॅटरीच्या कडेला अडकलेली सापडली, पुसून पुन्हा दाबून बसवली.