ईएसआय रिव्ह्यू: लांबच्या आजारपणात कितपत कामाला येतं, कंत्राटी कामगारांनी जरूर वाचा

रेटिंग आधीच देऊन टाकते, पाचपैकी साडेतीन. पोस्ट लांब होणार आहे पण ज्यांच्या घरात कोणी इंडस्ट्रियल इस्टेटला कामाला आहे त्यांनी वाचाच, कारण ईएसआय (पगारातून थोडे पैसे कापून चालणारी कामगार राज्य विमा योजना) चांगली आहे असं माझं ठाम मत आहे आणि तरीही माणूस तिच्यात अडकतो, आणि अडकतो तो आजारामुळे नाही तर दिवसांच्या हिशोबामुळे.

माझा दादा गोव्यात कुंडईच्या इस्टेटला पॅकिंगला होता, कंपनीचा नाही, कंत्राटदाराचा माणूस. मे महिन्यात त्याला स्ट्रोक आला आणि डावी बाजू पूर्ण गेली. बांबोळीला जीएमसीत (गोवा मेडिकल कॉलेजच्या सरकारी हॉस्पिटलात) जीव वाचला, तिथल्या डॉक्टर-नर्सचे उपकार आम्ही विसरणार नाही. पण घरी आणल्यावर खरा प्रश्न सुरू झाला, कमावणारा तो एकटाच म्हणायचा, वहिनी काजूच्या फॅक्टरीत जायची तेवढाच काय तो हातभार, दोन मुलं शाळेत. तेव्हा मी त्याच्या पगाराच्या स्लिपा काढून बसले (मी अकाउंट्समध्ये काम करते म्हणून मला त्यातलं थोडं कळतं) आणि ईएसआयच्या कॉलमवर बोट ठेवून म्हटलं, वहिनी, हे आपले पैसे आहेत, हे मागायचे.

आपल्याकडे बहुतेकांना वाटतं ईएसआय म्हणजे डिस्पेन्सरीतल्या सर्दी-तापाच्या गोळ्या. तसं नाही. महिन्याला 21,000 पर्यंत पगार असला की तुम्ही त्यात येता, दिव्यांग कामगाराला 25,000 पर्यंत. 2019 च्या जुलैपासून कामगाराचे 0.75 टक्के आणि मालकाचे 3.25 टक्के असा रेट आहे. म्हणजे 18,000 पगार असेल तर तुमचे 135 जातात आणि मालकाने 585 घालायचे असतात. एवढ्या पैशात बाहेर कुठलाही विमा स्वतःला, बायकोला, मुलांना औषधोपचार देऊन वर आजारपणात पगारही देत नाही, म्हणून मी साडेतीनच्या खाली जाणार नाही.

आता दिवसांचं. वर्षाचे दोन भाग धरतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. एप्रिल ते सप्टेंबरमध्ये भरलेल्या पैशांचा फायदा पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये मिळतो, ऑक्टोबर ते मार्चचा जुलै ते डिसेंबरमध्ये. म्हणजे दादा मे महिन्यात पडला तर त्याच्या लगेच आधीचे महिने बघत नाहीत, त्याआधीच्या एप्रिल ते सप्टेंबरमध्ये त्याचे किती दिवस (पगार मिळून ईएसआय कापलेले) भरले ते बघतात. तिथे 78 दिवस लागतात. ते असले की आजारपणाचा भत्ता, सरासरी रोजच्या पगाराच्या 70 टक्के, वर्षात जास्तीत जास्त 91 दिवस. हे आम्हाला मिळालं आणि सरळ बँकेत मिळालं, कोणाच्या हातापाया पडावं लागलं नाही. सुरुवातीचे दोन दिवस धरत नाहीत तेवढं लक्षात ठेवा. डिस्पेन्सरीच्या डॉक्टरचं सर्टिफिकेट मात्र एकाला एक लागून घ्यावं लागतं, मध्ये गॅप पडला की तेवढे दिवस गेले. एका डिस्पेन्सरीत आम्हाला "पेशंटला घेऊन या" म्हणून परत पाठवलं होतं, अर्धांगाच्या माणसाला पावसात रिक्षात घालून न्यायचं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच माहीत. असो.

91 दिवसांत अर्धांग बरं होतं का? नाही. त्यासाठी पुढची पायरी आहे आणि हीच खूप जणांना माहीत नसते. लांब चालणाऱ्या 34 आजारांची एक यादी आहे, टीबी, कॅन्सर, किडनी निकामी होणं, पार्किन्सन्स, अर्धांगवायू वगैरे. त्यातला आजार असेल तर वाढीव भत्ता मिळतो, रेट उलट जास्त, 80 टक्के, आणि तो एकूण दोन वर्षांपर्यंत जाऊ शकतो. पण अट बदलते. सलग दोन वर्षं नोकरी पाहिजे आणि मागच्या चार सहामाहींत मिळून 156 दिवस भरलेले पाहिजेत. 156 हा आकडा काहीच नाही, दादा वर्षानुवर्षं कामाला जातोय, आम्ही निर्धास्त होतो.

आणि तिथेच गाडी थांबली. काउंटरवर सांगितलं की ह्यांची दोन वर्षं पुरी दिसत नाहीत. वहिनी घरी आली, कागदांची प्लास्टिकची पिशवी माझ्यासमोर ओतली आणि म्हणाली, "बाय, ह्या दोन कार्डांवर नाव एकच आणि नंबर वेगवेगळे कसे गो?" मी बघितलं तर खरंच दोन ओळखपत्रं, दोन वेगळे दहा आकडी नंबर. झालं होतं असं की आदल्या वर्षी जूनमध्ये कंत्राटदार बदलला, माणसं तीच, मशीन तेच, गेटही तेच, फक्त पगार देणारा बदलला. नवीन कंत्राटदाराच्या क्लार्कने फॉर्म भरताना जुना विमा नंबर टाकायचा सोडून सगळ्यांची नवीन नोंदणी केली. त्याला ते सोपं पडलं असेल. पण सिस्टीमच्या दृष्टीने दादा जूनमध्ये जन्माला आला, त्याच्या आधीची सगळी वर्षं दुसऱ्याच कोणाच्या तरी नावावर पडून राहिली. जून ते सप्टेंबरमध्ये 78 भरत होते म्हणून पहिला भत्ता सुरळीत आला आणि कोणाच्या लक्षातच आलं नाही, दोन वर्षांचा प्रश्न आल्यावर भांडं फुटलं.

मला ह्याचा जो राग आला तो अजून गेलेला नाही. पैसे दोन्हीकडे भरलेत, दादाच्या पगारातून दोन्हीकडे कापलेत, आणि हक्क मात्र अर्धाच. शेवटी जुन्या आणि नव्या दोन्ही ठिकाणाहून पत्रं आणली (जुना कंत्राटदार पत्र द्यायला तयार नव्हता, त्याच्या मागे लागावं लागलं), आधार, पासबुक, दोन्ही कार्डांच्या झेरॉक्स आणि जुन्या स्लिपा जोडून दोन नंबर एक करण्याचा अर्ज दिला. ऑफिसातल्या एका बाईंनी मात्र खूप मदत केली, स्वतः स्क्रीन वळवून आम्हाला महिन्यावार दिवस दाखवले, कुठे काय अडतंय ते सांगितलं. नंबर जुळले आणि राहिलेले पैसे एकदम आले. ते येईपर्यंत घर कसं चाललं ते आमचं आम्हाला माहीत, मुलांच्या शाळेच्या बसचे पैसेसुद्धा माझ्या आईने दिले.

आता ज्या गोष्टीचे मी मार्क कापलेत ती. कामामुळे इजा झाली असेल तर ईएसआय एकदम वेगळं वागतं, 90 टक्के, पहिल्या दिवसापासून, 78 आणि 156 काही नाही, कामावर आलेला पहिलाच दिवस असला तरी चालतं. कायमचं अपंगत्व आलं तर मेडिकल बोर्ड कमावण्याची ताकद किती गेली ते ठरवतं आणि त्या प्रमाणात आयुष्यभर पैसे. तेच अपंगत्व आजाराने आलं की दोन वर्षं आणि संपलं. हात तोच निकामी, घर तेच, मग फरक एवढा का? रिटायर होईपर्यंत पाच वर्षं तरी विम्यात असलेल्याला वर्षाला 120 रुपये भरून नवरा-बायको दोघांचे औषधोपचार चालू ठेवता येतात, ती सोय फार चांगली आहे, पण दादा पन्नाशीच्या आतला, तो रिटायर कुठे झालाय. आम्ही आता दिव्यांग कार्डाच्या आणि दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेच्या मागे लागलोय, ती महिन्याला मदत देणारी गोवा राज्याची योजना आहे आणि तिला पंधरा वर्षं गोव्यात राहिल्याचा दाखला लागतो.

आणि दुसरं म्हणजे सांभाळणाऱ्या माणसाचं काय. वहिनीने फॅक्टरी सोडली. दादाला उठवणं, अंघोळ, जेवण भरवणं, रात्री दोनदा कुशीवर वळवणं, फिजिओने शिकवलेले व्यायाम, हे सगळं ती करते आणि त्याचा एक पैसा कुठल्या योजनेत नाही. आमच्या शेजारचा मुलगा जर्मनीत नर्सिंगला आहे, त्याने त्याची पगाराची स्लिप दाखवली तर त्यात तब्येतीचा विमा वेगळा आणि काळजी घेण्याचा विमा वेगळा. हा काळजीचा विमा त्यांच्याकडे 1995 पासून आहे, 2025 मध्ये 3.6 टक्के कापतात, साधारण निम्मे कामगाराचे निम्मे मालकाचे, मुलं नसलेल्यांना थोडं जास्त. अट साधी, मागच्या दहा वर्षांत दोन वर्षं विम्यात असलं पाहिजे. मग तपासणीला माणूस घरी येतो, स्वतःचं स्वतः किती करता येतं ह्याचे पॉइंट लावतो, पाच ग्रेड आहेत, आणि घरच्याच माणसाने सांभाळलं तर दुसऱ्या ग्रेडला महिन्याला 347 युरो, पाचव्याला 990 युरो रोख. मुख्य म्हणजे आजार कामामुळेच झाला पाहिजे अशी अट नाही. आपल्याकडे लगेच तेवढे पैसे कोणी देणार नाही हे मलाही कळतं, पण वहिनीसारख्या बाईच्या कामाला योजनेत निदान एक ओळ तरी पाहिजे की नको?

तोपर्यंत एवढं करा. कार्डावरचा नंबर घेऊन ईएसआयच्या पोर्टलवर स्वतःचं लॉगिन काढा, मोबाईल आणि जन्मतारीख बरोबर असली की होतं. आत महिन्यावार दिवस दिसतात. मालकाला एका महिन्याचे पैसे पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायचे असतात, म्हणजे 20 तारखेच्या आसपास बघितलं तर कळतं भरले की नाही. पगार मिळालेले दिवस आणि तिथे दिसणारे दिवस जुळतात का बघा. पगार मध्येच 21,000 च्या वर गेला तर ती सहामाही संपेपर्यंत कापणं चालूच राहतं आणि हक्कही राहतो, त्यामुळे "आता तू ईएसआयमध्ये नाहीस" असं मध्येच कोणी म्हटलं तर ऐकून घेऊ नका. आणि कंत्राटदार बदलला की नवीन फॉर्मवर जुना नंबर आपल्या डोळ्यासमोर लिहून घ्या, दादाच्या लाईनवरच्या बाकीच्या मुलांचेही दोन-दोन नंबर निघालेत आणि त्यांचे अर्ज आता आम्ही घरी बसून भरून देतोय, कोणाला लागलं तर आमचा अर्ज नमुना म्हणून देईन, डिचोली-साखळी भागातले असाल तर घरीच या.