टेबल १ कशात करायचं: एक्सेल, एसपीएसएस की आर?

बंदरावरच्या रक्तदाबाच्या सर्व्हेला जून-जुलैच गाठावे लागतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हाच खलाशी आणि तांडेल (होडीचे प्रमुख) घरी भेटतात. ऑगस्टात होड्या पाण्यात उतरल्या की आपण कुणाचं वय किती, कोण तंबाखू खातं याचं टेबल १, म्हणजे पाहणीतल्या लोकांचं वर्णन करणारं प्रबंधातलं पहिलं टेबल, करायला बसतो.

एक्सेल सगळ्यांकडे असतं, आणि साठ-सत्तर जणांच्या पाहणीला पिव्होट टेबल (एक्सेलमधली गोषवारा काढायची सोय) पुरतं. अडतं ते उत्पन्नापाशी. बोटमालक आणि खलाशी एकाच यादीत असले की सरासरी फसवी ठरते, मध्यक (आकडे क्रमाने लावल्यावर येणारा मधला) हवा. साध्या पिव्होटमध्ये मध्यक मिळत नाही, मग सूत्रं लिहीत बसा.

एसपीएसएस हे सांख्यिकीचं सॉफ्टवेअर कॉलेजात असेल तर शिकायला सोपं, सगळं मेनूतून. पण ते विकतचं, आणि आउटपुट तुकड्यातुकड्यांत येतं. ते वर्डमध्ये हातानं उतरवायचं, आणि चूक घुसते ती तिथेच. त्यात एखादा राहिलेला फॉर्म मागाहून सापडला की सगळी टक्केवारी नव्याने. हे मी तीनदा केलंय, तिसऱ्यांदा रात्री वीज गेलेली असताना.

म्हणून माझं मत आर या सांख्यिकीच्या प्रोग्रॅमिंग भाषेकडे झुकतं. फुकट आहे, सुरुवातीचे आठ-दहा दिवस डोकं खातं, पण कोड एकदा लिहिला की डेटा बदलला तरी टेबल मिनिटभरात तयार. यात टेबल १ साठी दोन पॅकेजेस (तयार कोडचे संच) चालतात. ‘टेबलवन’ आटोपशीर आहे, पण लिंग १ आणि २ असं भरलेलं असेल आणि तो वर्गवारीचा रकाना आहे हे सांगितलं नाही, तर ते लिंगाची सरासरी १.४ काढून देतं! माहिती न मिळालेल्यांना ते टक्केवारीतून गुपचूप वगळतं. ‘जीटीसमरी’ही टक्केवारीत त्यांना धरत नाही, पण निदान त्यांची वेगळी ओळ दाखवतं. अंकी रकान्यांसाठी मध्यक आपोआप देतं, आणि टेबल वर्डमध्ये नीटनेटकं जातं. खोडी एकच: दहापेक्षा कमी वेगवेगळे आकडे असले की तो रकाना ते वर्गवारीचा धरतं. घरात माणसं किती, या साध्या प्रश्नाच्या मग सात-आठ ओळी होतात. प्रकार आधीच सांगून ठेवावा.

कोडची धास्तीच असेल तर जामोवी बघा. तेही फुकट, आत आरच, वर मेनू. छोट्या प्रबंधाला चालून जातं.

पी-व्हॅल्यूच्या रकान्याचं मात्र जपून. चाचणीतून निघणारा हा आकडा सांगतो, की गटांत खरा फरक नसतानाही एवढा किंवा जास्त फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता किती. गट पाडले की ‘टेबलवन’ तो न मागता छापतं. निरीक्षणात्मक अभ्यासांसाठीची २००७ ची स्ट्रोब मार्गदर्शिका वर्णनाच्या टेबलात अशा चाचण्या टाळायला सांगते. गट किती वेगळे हे दाखवायचंच असेल तर प्रमाणित फरक (गटांतला फरक भागिले प्रमाण विचलन) द्या, ०.१ च्या आत असला तर सहसा किरकोळ मानतात. गाइड पी-व्हॅल्यूसाठी हटूनच बसले तर रकाना ठेवा आणि सही घ्या. जर्नलला पाठवताना काढता येतो.