सात महिन्यांचा वापर: मेल-प्रोग्रामचे फिल्टर आणि ‘सेल’ने गिळलेलं काम

पाचव्या महिन्यात एका संपादकबाईंचा फोन आला. “मेलला तुमचं उत्तर नाही आलं, म्हणून पुस्तक दुसऱ्यांकडे दिलं.” मला मेल मिळालाच नव्हता. इनबॉक्समध्ये नव्हता, जंकमध्येही नव्हता. शेवटी ट्रॅशमध्ये सापडला, १९ दिवसांचा, न उघडलेला. विषय होता: ‘मुद्रितं तपासायला वेळ असेल का?’

तो तिथे माझ्याच फिल्टरने टाकला होता. अट अशी होती की विषयात ‘सेल’ हा मजकूर आला की मेल हटवायचा. आणि ‘असेल’मध्ये ‘सेल’ आहे.

मी मुद्रितशोधन करते, शब्दांकडे बघणं हेच माझं काम, तरी अट लिहिताना हे माझ्या ध्यानात आलं नाही. नसेल, दिसेल, बसेल, फसेल, सोसेल, एक्सेल, होलसेल. मराठीत कुणी नम्रपणे काही विचारायला लागलं की विषयाच्या ओळीत ‘असेल’ येतंच. म्हणजे तो फिल्टर जाहिरातींच्या बरोबरीने माझ्याशी अदबीने बोलणाऱ्या प्रत्येकाला हटवत होता. ट्रॅशमध्ये असे १४ मेल सापडले. त्याआधीचे किती गेले ते आता कळणार नाही, कारण ट्रॅश ३० दिवसांनी आपोआप रिकामा होतो आणि फिल्टरची नोंदवही (लॉग) मुळात बंद असते. ती आपण शोधून चालू करावी लागते.

प्रोग्रामचं नाव लिहीत नाही. तो मोफत आहे, डेस्कटॉपवर चालतो, आणि इथे लिहिलेलं बरंचसं दुसऱ्या मेल-प्रोग्रामांनाही लागू पडेल.

मी त्याच्याकडे वळले ते जागेसाठी. मेलबॉक्स ९० टक्के भरला होता आणि सेवा देणारी कंपनी जादा जागा विकत घ्या म्हणून दर आठवड्याला आठवण करत होती. भरला कशाने, तर चित्रांनी लगडलेल्या जाहिरातींनी. दुसऱ्याचा कचरा ठेवायला मी दरमहा पैसे मोजायचे, हे मला पटेना. तेव्हा ठरवलं की वर्गणी भरायची नाही, पाठवणाऱ्यांनाच अडवायचं.

पहिले दोन महिने मी खूष होते. मेलवर राइट-क्लिक करायचं, ‘ब्लॉक’ म्हणायचं, झालं. रोज चार-पाच जण अडवले. मग लक्षात आलं की तेच लोक परत येतायत. ब्लॉकचं बटण एक अख्खा पत्ता लक्षात ठेवतं आणि तंतोतंत तोच पत्ता आला तरच अडवतं. पाठवणारा @ च्या आधीचा भाग दर वेळी बदलतो. आज ‘न्यूज’, उद्या ‘न्यूज२’, परवा नुसते आकडे. माझ्या यादीत ३०० पत्ते झाले होते आणि त्यातले बहुतेक पुन्हा कधी वापरलेच जाणार नव्हते. त्यापेक्षा डोमेनवर, म्हणजे @ च्या पुढच्या भागावर, फिल्टर लावावा: पाठवणाऱ्याच्या पत्त्याचा शेवट अमुक डोमेनने होत असेल तर हलवा. इथे ‘शेवट’ हीच अट घ्या, ‘समाविष्ट’ नको. ‘समाविष्ट’ म्हटलं की माझ्या प्रोग्रामात पत्त्याच्या आधी दिसणारं नावही तपासलं जातं, आणि नावाच्या जागी कुणीही काहीही लिहू शकतो.

एकदा माझ्याच पत्त्यावरून मला धमकीचा मेल आला आणि घाबरून मी स्वतःचाच पत्ता ब्लॉक केला. तसं करू नका. मी स्वतःला पाठवलेल्या टिपणांच्या प्रतीही त्यात गेल्या. मेल पाठवण्याची मूळ पद्धत १९८२ साली ठरली तेव्हा ‘प्रेषक’ या जागी लिहिलेलं खरं आहे का हे तपासायची सोयच तिच्यात नव्हती. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या प्रेषक खरा आहे का ते बघणाऱ्या तपासण्या पुढे आल्या आणि त्या सर्व्हरने, म्हणजे मेल-सेवेच्या संगणकाने, करायच्या असतात. तुमच्या पत्त्यावरून आलेला मेल म्हणजे तुमचा पासवर्ड फुटलाच असं नाही.

फोनचा प्रश्न तिसऱ्या महिन्यात आला. डेस्कटॉपवरचे फिल्टर डेस्कटॉप चालू असेल तेव्हाच चालतात. मी बाहेर असले की फोनवर सगळा कचरा दिसायचा. त्यात भर म्हणजे फोनवर एखादा मेल उघडून बघितला की तो ‘वाचलेला’ होतो, आणि घरी आल्यावर माझा प्रोग्राम त्याला नवा मानत नाही, म्हणून त्यावर फिल्टर चालवत नाही. ‘फिल्टर कधी चालतो, कधी नाही’ ही माझी तक्रार दोन आठवडे होती, तिचं कारण एवढंच निघालं.

म्हणून अडवायची यादी मेल-सेवेच्या वेबपानावर, म्हणजे सर्व्हरवर हलवली. तिथेही मेल येतच राहिले. मदतकक्षाला लिहिलं. तीन वेगवेगळ्या लोकांनी ब्राउझरची कॅश (त्याने साठवलेली जुनी पानं) साफ करायला सांगितली. मी तिन्ही वेळा केली. तिघांपैकी एकानेही मी जोडलेला मेलचा पूर्ण हेडर (मेलसोबत येणारी, एरवी न दिसणारी प्रवासाची माहिती) उघडून बघितला नव्हता, याचा मला आजही राग येतो. चौथ्या व्यक्तीने तो वाचला आणि दोन वाक्यांत सांगितलं: आमची ब्लॉक-यादी पाकिटावरचा पत्ता बघते, तुम्हाला दिसतो तो पत्राच्या आतला. पोस्टाच्या पत्रासारखंच आहे हे. पाकिटावर एक पत्ता, आत कागदावर वेगळा. घाऊक मेल पाठवणाऱ्या यंत्रणा पाकिटावर दर मेलला वेगळा परतीचा पत्ता घालतात, म्हणजे न पोचलेला मेल कोणाचा हे त्यांना कळतं. हेडरमध्ये ‘रिटर्न-पाथ’ या ओळीत तो दिसतो. तिथलं डोमेन यादीत घातलं आणि त्या दिवसापासून ती रांग थांबली. चौथ्या व्यक्तीचे आभार मी लेखी मानले.

आता पुन्हा ‘सेल’कडे, कारण माझे उरलेले दोन महिने त्यातच गेले.

मला हवी होती एक चौकट: ‘फक्त संपूर्ण शब्द’. लिहिण्याच्या प्रोग्रामांत शोधा-बदला करताना ही चौकट असते. फिल्टरमध्ये नाही. म्हणून ‘सेल’च्या मागेपुढे रिकामी जागा टाकून बघितली, जतन करताना प्रोग्राम ती कापून टाकतो. मग एक जोड-प्रोग्राम घातला, ज्यात नमुना लिहून शोधता येतं आणि शब्दाच्या सीमेसाठी खूणही आहे. तीही मराठीत चालली नाही. तो जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेला आहे, आणि तिथली शब्दसीमेची खूण फक्त रोमन अक्षरं, इंग्रजी अंक आणि अधोरेषा यांनाच ‘शब्द’ मानते. तिच्या लेखी देवनागरी अक्षर हे विरामचिन्हासारखंच. इतकी वर्षं आपण युनिकोडमध्ये (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) मराठी लिहितो आहोत आणि ‘शब्द कुठे संपतो’ हा साधा प्रश्न अजून आपल्यासाठी सुटलेला नाही, हे मला मनापासून लागलं.

उलटा अनुभव ‘ॲप’ या शब्दाचा. ‘ॲप डाउनलोड करा’ छापाचे मेल अडवायला ‘ॲप’ ही अट घातली. अर्धे अडले, अर्धे आले. पडद्यावर दोन्ही विषय अगदी सारखे दिसत होते. ‘ॲ’ दोन प्रकारे टंकता येतो. एकतर तयार अक्षर, युनिकोडमध्ये ०९७२ क्रमांकाचं, जे २००८ साली आलं. किंवा ‘अ’ लिहून त्यावर चंद्र, म्हणजे ०९०५ आणि ०९४५. दिसायला एक, पण संगणकाच्या दृष्टीने दोन निराळे शब्द. युनिकोड त्यांना समान मानतही नाही, त्यामुळे प्रोग्राम आपणहून ते जुळवत नाही. दोन्ही रूपं वेगवेगळ्या अटींत लिहिली तेव्हा सगळे अडले.

अशा दोन अटी एका फिल्टरमध्ये लिहिताना वरचा पर्याय बघा: ‘सर्व अटी जुळल्या तर’ की ‘कोणतीही एक जुळली तर’. आधीपासून निवडलेला असतो पहिला. त्यावर ठेवलंत तर एकाच विषयात दोन्ही रूपं आल्याशिवाय फिल्टर हलणार नाही. आणि नकारार्थी अटी असतील तर नेमकं उलट होतं: ‘विषयात अ नाही’ आणि ‘विषयात ब नाही’ या दोन अटींना ‘कोणतीही एक’ लावलीत तर जवळपास प्रत्येक मेल त्यात सापडेल.

जंक ओळखणाऱ्या यंत्रणेबद्दल माझं मत मात्र पूर्ण बदललं. सुरुवातीला मी ती बंदच ठेवली होती, मला अंदाजाने चालणारी गोष्ट नको होती. ही बेझ या गणितज्ञाच्या संभाव्यतेच्या नियमावर चालणारी पद्धत २००२ नंतर मेल-प्रोग्रामांत पसरली: कोणता शब्द जंकमध्ये जास्त येतो आणि कोणता चांगल्या मेलमध्ये, हे ती तुमच्याच मेलवरून शिकते. सहाव्या महिन्यात चालू केली, दोनेकशे जंक आणि तितकेच चांगले मेल दाखवून शिकवलं. चांगले दाखवायला विसरू नका, नाहीतर तिला तुलना करायला काही राहत नाही. आणि मला हवं होतं ते तिने न सांगता केलं, कारण ती रिकाम्या जागेवर तोडून अख्खे शब्द मोजते. ‘सेल’ वाईट, ‘असेल’ चांगला, दोन्ही वेगळे. तो निकाल पहिल्यांदा बघितला तेव्हा मला खरोखर आनंद झाला. मराठीत तिला शिकायला वेळ जास्त लागतो, कारण ‘सवलत’, ‘सवलतीत’, ‘सवलतीचा’ हे तिच्यासाठी तीन शब्द आहेत. पण शिकते.

बातमीपत्रं आणि जाहिराती पाठवणाऱ्यांच्या ज्या याद्यांत मी स्वतःहून नाव घातलं होतं, तिथे फिल्टर लावायची गरजच नव्हती. नाव काढण्याचा दुवा हेडरमध्ये देण्याची पद्धत १९९८ पासून आहे, एका क्लिकची २०१७ पासून, आणि २०२४ मध्ये जीमेल आणि याहूने घाऊक पाठवणाऱ्यांना ती बंधनकारक केली. एका संध्याकाळी ४० याद्यांतून बाहेर पडले, त्यातल्या ३७ खरंच थांबल्या. अनोळखी कचऱ्यातल्या दुव्यावर मात्र क्लिक करत नाही; पत्ता जिवंत आहे एवढंच त्यांना कळतं.

आजची माझी मांडणी: सगळ्यात वर एक फिल्टर, पाठवणारा माझ्या पत्तेवहीत असेल तर पुढचे फिल्टर थांबवा. फिल्टर वरून खाली चालतात, म्हणून त्याची जागा पहिलीच. पण नवा माणूस पत्तेवहीत नसतो, त्या संपादकबाईही नव्हत्या. म्हणून विषयातल्या शब्दांवरचे सगळे फिल्टर काढून टाकले. उरलेले फक्त डोमेन आणि यादीच्या ओळखीवर चालतात. ‘हटवा’ ही कृती कुठेच ठेवलेली नाही. अडवलेलं सगळं ‘तपासणी’ नावाच्या फोल्डरमध्ये जातं, ते मी दर शनिवारी चाळून मग रिकामं करते. लॉग चालू आहे. मेलबॉक्स ४१ टक्क्यांवर आला आणि वर्गणी वाचली.

पाचपैकी साडेतीन. ‘संपूर्ण शब्द’ ही चौकट आली तर मी साडेचार देईन. तशी मागणी प्रोग्राम बनवणाऱ्यांकडे नोंदवली आहे, असेल, नसेल, दिसेल, बसेल ही उदाहरणं आणि ‘ॲ’ची दोन्ही रूपं जोडून. उत्तर आलं की याच परीक्षणाखाली भर घालते.