आंतरराष्ट्रीय विधी विद्यार्थी संघटनेचे सदस्यत्व : वर्षभराच्या वापरानंतर, पावतीविना

नूतनीकरणाचे स्मरणपत्र परवा आले. गेल्या वर्षीच्या फीची पावती मात्र अद्याप आलेली नाही. संघटनेचे नाव येथे देत नाही, कारण तक्रारीचे निवारण अजून व्हायचे आहे. परंतु लातूर, नांदेड किंवा परभणीच्या विधी महाविद्यालयात शिकणारा जो कोणी सदस्य होऊ पाहत असेल, त्याला या व्यवहाराची कल्पना असावी.

युरोपातील एल्सा ही विधी विद्यार्थ्यांची संघटना 1981 मध्ये ऑस्ट्रिया, पश्चिम जर्मनी, पोलंड आणि हंगेरीच्या विद्यार्थ्यांनी स्थापन केली. अमेरिकेतील इल्सा ही तशीच संघटना जेसप मूट कोर्ट (अभिरूप न्यायालय) स्पर्धा चालवते, हे येथील वाचकांना ठाऊक असेलच. माझी संघटना यांपैकी नव्हे. पण साचा तोच. स्थानिक शाखा, वार्षिक फी, ऑनलाइन व्याख्याने, आणि दरवर्षी बदलणारे विद्यार्थी पदाधिकारी.

फी परकीय चलनात भरावी लागते. 2020 पासून नव्या कार्डावर परदेशी व्यवहार बंदच असतात आणि ते आपण सुरू करून घ्यावे लागतात. हे बँकेच्या ॲपवरून किंवा एटीएमवरूनही करता येते. त्यावर बँकेचा चलन बदलाचा आकार, आणि त्या आकारावर पुन्हा जीएसटी. त्या रकमेत 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या तिन्ही नव्या फौजदारी कायद्यांच्या प्रती घेऊन काही पैसे उरले असते. तरीही मी ती भरली, कारण महाविद्यालयाच्या विद्यार्थी निधीतून निम्मी रक्कम परत मिळणार होती. त्यासाठी क्रमांक, तारीख, रक्कम आणि स्वाक्षरी असलेली पावती हवी, एवढीच लेखा विभागाची अट होती.

संघटनेकडून आला तो केवळ आभाराचा ईमेल, ज्यात रकमेचा उल्लेखही नव्हता. मी लिहिले, कोषाध्यक्षांनी ‘लवकरच’ असे कळवले. पुढे कोषाध्यक्ष बदलले आणि नव्यांनी माझ्याकडेच पैसे भरल्याचा पुरावा मागितला. मी बँकेचा उतारा पाठवला, तेव्हा तो मिळाल्याची पोच मात्र त्याच दिवशी आली! करार, मोबदला आणि पुराव्याचा भार यांवर तासन्‌तास व्याख्याने देणाऱ्या संघटनेला घेतलेल्या पैशाची पावती देता येऊ नये, हे मला अजूनही पचलेले नाही.

व्याख्यानांविषयी थोडक्यात सांगतो. ब्रुसेल्सच्या सायंकाळी सातला सुरू होणारे सत्र आपल्याकडे उन्हाळ्यात रात्री साडेदहाला असते, आणि ऑक्टोबरअखेर तिकडची घड्याळे मागे गेली की साडेअकराला. सकाळी जिल्हा न्यायालयात सरांच्या मागे फायली घेऊन उभे राहायचे असेल, तर हिवाळ्यातील सत्रे सोडून द्यावीत.

एवढ्यावर हा अभिप्राय संपला असता, तर फी वाया गेली असेच मी लिहिले असते. परंतु संघटनेचा एक उपक्रम असा निघाला की त्याने माझे मत बदलले. प्रत्येक सदस्याने एक ऐतिहासिक वाद निवडून दोन्ही पक्षांची लेखी निवेदने तयार करायची आणि दुसऱ्या देशातील सदस्याने ती तपासायची. मी हैदराबाद संस्थानाच्या भारतातील विलीनीकरणाचा प्रश्न घेतला. ऑगस्ट 1948 मध्ये निजाम सरकारने भारताविरुद्ध संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे तक्रार नेली. 13 सप्टेंबरला भारतीय सैन्याची ‘पोलिस कारवाई’ सुरू झाली, 16 तारखेला पॅरिसमध्ये विषय परिषदेच्या कार्यसूचीवर आला आणि 17 तारखेला निजामाने शरणागती पत्करली. त्या काळात ज्यांच्या नावाने आज मूट स्पर्धा होते ते फिलिप जेसप संयुक्त राष्ट्रांत अमेरिकेचे प्रतिनिधी होते, हे मला शाळेत दरवर्षी मुक्तिसंग्रामदिनाचे झेंडावंदन करूनही माहीत नव्हते.

भारताची बाजू लिहायला दोन संध्याकाळी पुरल्या. निजामाची बाजू लिहिताना हात अडखळत होता, कारण आमच्या गावात रझाकारांच्या आठवणी सांगणारे लोक अजून आहेत. पोलंडमधील माझ्या परीक्षक विद्यार्थिनीने ते अचूक ओळखले. तिने लिहिले की, संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या कलम 2(7) नुसार हा भारताचा अंतर्गत प्रश्न आहे, असे मी दोन्ही निवेदनांत आधीच गृहीत धरले आहे. वास्तविक हैदराबाद हे कलम 35(2) खाली, सदस्य नसतानाही, तक्रार करू शकणारे स्वतंत्र राष्ट्र होते की नाही, हाच वादाचा मुद्दा आहे आणि भारत आणि निजाम यांच्यातील नोव्हेंबर 1947 च्या जैसे थे कराराचा आधार दोन्ही बाजूंना घेता येतो. समासातील तिच्या टिपा माझ्या मजकुराहून लांब होत्या. इतक्या बारकाईने माझे लेखन येथे कोणी वाचलेले नाही. वर्गात साठ मुले असताना प्राध्यापकांकडून तशी अपेक्षाही करता येत नाही.

त्यामुळे केवळ प्रमाणपत्रासाठी किंवा वाचनसाहित्यासाठी कोणी पैसे भरू नयेत. आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे निकाल आणि संयुक्त राष्ट्रांची कायदाविषयक व्याख्याने संकेतस्थळांवर विनामूल्य आहेत. लिहिण्याची तयारी असेल, आणि आपल्या आवडत्या बाजूवर परक्याचे ताशेरे सोसवत असतील, तर फी वसूल होते.

मी स्वतः नूतनीकरण करणार आहे. मात्र नव्या कोषाध्यक्षांना कळवले आहे की आधी गेल्या वर्षीची पावती पाठवावी, मग कार्डावरील परदेशी व्यवहार पुन्हा सुरू करीन. मुदत महिनाअखेरपर्यंत आहे.