आरव्ही-८ वर हलका स्टार्टर आणि लिथियम बॅटरी: स्टार्टर डोळे झाकून घ्या, बॅटरीआधी वही-पेन घ्या

सरळ मुद्द्यावर येतो. माझ्या आरव्ही-८ या किटमधून बांधलेल्या छोट्या विमानात इंजिनाच्या सामानाचं वजन उतरवायचं म्हणून मी दोन गोष्टी बदलल्या, जुना प्रेस्टोलाइटचा स्टार्टर काढून स्काय-टेकचा १४९-एनएल लावला आणि ओडिसीची पीसी६८० ही लेडची बॅटरी काढून अर्थएक्सची लिथियम ईटीएक्स९०० बसवली. दोन्ही वस्तू चांगल्या आहेत. पण पैसे वसूल झाले का विचाराल तर स्टार्टरचे पूर्ण झाले, बॅटरीचं उत्तर मात्र तुमचं विमान कोणतं आणि बॅटरी बसते कुठे यावर आहे, आणि नेमकं हेच कोणी लिहीत नाही, सगळे आपले "दहा पौंड वाचले, फाइव्ह स्टार" टाकून मोकळे होतात. म्हणून हे लांबण.

होमबिल्ट, म्हणजे घरी बांधलेलं विमान, हे काय प्रकरण आहे हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कांदिवलीत चारकोपला गच्चीवर विमान बांधणारे अमोल यादव आठवत असतील, २०१६ ला मेक इन इंडियाच्या वेळी मुंबईत त्यांचं विमान बघायला ठेवलं होतं. इकडे अमेरिकेत याचं किट मिळतं, आरव्ही विमानांची किटं ओरेगॉनमधली व्हॅन्स कंपनी विकते. आरव्ही-८ ला दोन सीट, एकामागे एक, जास्तीत जास्त वजन १८०० पौंड. नोंदणी एक्सपेरिमेंटलमध्ये, म्हणजे हौशी बांधणीच्या वर्गात असल्यामुळे सर्टिफाइड सेसनासारखं प्रत्येक पार्टसाठी मंजुरीचे कागद शोधत फिरावं लागत नाही, पण वजन हललं की नवीन वेट अँड बॅलन्स (वजन आणि तोलाचा हिशोब) काढून नोंद करावीच लागते, आणि ती करा खरंच, नुसती वहीत जुन्या आकड्यातून वजाबाकी करू नका.

माझ्याकडे लायकमिंगचं ओ-३६० आहे, १८० हॉर्सपॉवर, पुढे हार्टझेलचा धातूचा कॉन्स्टंट-स्पीड प्रॉप (पात्यांचा कोन बदलणारा पंखा). म्हणजे नाक जड. म्हणूनच बॅटरी फायरवॉलवर (इंजिन आणि कॉकपिटच्या मधल्या पत्र्यावर) नाही तर पार मागे, मागच्या बॅगेजजवळ आहे. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आधी स्टार्टर. जुना प्रेस्टोलाइट १७-१८ पौंडांचा ठोकळा, नवा दहाच्या आत. मॉडेल नंबरातला १४९ म्हणजे रिंग गिअरचे, स्टार्टर ज्या चक्राला फिरवतो त्याचे दात, लायकमिंगवर १२२ दातांची रिंग पण येते आणि दोन्हींच्या दातांचा आकार वेगळा असतो, त्यामुळे ऑर्डर टाकण्याआधी काउलिंग (इंजिनावरचं झाकण) उघडून दात मोजा, इंजिनाच्या कागदावर काय लिहिलंय त्यावर जाऊ नका कारण मधे कोणी रिंग बदलली असेल तर कागदाला माहीत नसतं. बसवायला सोपा आहे, एक खालचा नट तेवढा हाताला येत नाही, तिथे शिव्या घालाल.

चालू करताना फरक लगेच कळतो. जुना कण्हत कण्हत दोन ब्लेड फिरवायचा, हा गिअरचा असल्यामुळे झर्रकन फिरवतो आणि इंजिन लगेच पकडतं. हलक्या स्टार्टरमध्ये पर्मनंट मॅग्नेटवाले पण येतात, ते स्वस्त आहेत पण करंट जास्त ओढतात. बॅटरी मागे असली की केबल लांब, लांब केबलमध्ये व्होल्टेज पडतं, वर थंडी, म्हणून मी कायम चुंबकाऐवजी तारेच्या गुंडाळीचं फील्ड असलेला एनएल घेतला. बॅटरी फायरवॉलवर असेल तर कदाचित स्वस्तातला पण चालून जाईल.

एक सांभाळायचं, किकबॅक, म्हणजे चालू करताना इंजिनाने दिलेला उलटा झटका. गिअरचे हलके स्टार्टर उलटा झटका सहन करत नाहीत. एनएलमध्ये त्यासाठी शिअर पिन आहे, झटका बसला की पिन तुटते आणि पुढची मोडतोड वाचते, एक जादा पिन टूलबॉक्समध्ये टाकून ठेवा. पण पिन तुटली म्हणजे स्टार्टर वाईट असं नाही, आधी इग्निशनचं टायमिंग आणि मॅग्नेटोचं (ठिणगी देणाऱ्या यंत्राचं) इम्पल्स कपलिंग बघा. इलेक्ट्रॉनिक इग्निशनवाल्यांनी मरगळलेल्या बॅटरीवर जबरदस्ती क्रँक करू नये, व्होल्टेज पडलं की ठिणगी भलत्या वेळी पडू शकते.

आता बॅटरी. पीसी६८० चं वजन १५.४ पौंड, ईटीएक्स९०० चं ४.९. हातात घेतल्यावर रिकामा डबा पाठवला की काय असं वाटतं. किंमत जुनीच्या दुपटीहून जास्त. आत लिथियम आयर्न फॉस्फेट आहे, फोनमधल्यापेक्षा स्वभावाने बरीच शांत केमिस्ट्री, आणि सेल सांभाळणारं सर्किट आतच आहे, बिघाड दाखवायला एक वायर बाहेर दिलीये, तिला पॅनलवर दिवा लावा, आळस करू नका.

गंमत इथून पुढे आहे. आरव्ही-८ चा सीजी, म्हणजे गुरुत्वमध्य, पुढच्या एका ठरावीक बिंदूपासून मोजून ७८.७० ते ८६.८२ इंचांत राहिला पाहिजे, म्हणजे खेळायला जेमतेम आठ इंच. स्टार्टर सीजीच्या साधारण पाच फूट पुढे, तिथून आठेक पौंड काढले की ४८० इंच-पौंड झाले, एकटा उडताना विमान चौदाशेच्या आसपास असतं, भागाकार करा, सीजी एक तृतीयांश इंच मागे जातो. नाक जड असलेल्या विमानात हे आपल्याला हवंच आहे. वजनही गेलं आणि बॅलन्सही सुधारला.

बॅटरीचं नेमकं उलटं. ती मागे मुद्दाम ठेवली होती ना, नाकाला तोल म्हणून? तिथूनच साडेदहा पौंड काढले, ते पण पाच फुटांवरून, तर सीजी जवळजवळ अर्धा इंच पुढे. म्हणजे स्टार्टरने जे कमावलं ते बॅटरीने खाल्लं आणि वर थोडं उसनं घेतलं. एकटा उडताना लँडिंगला स्टिक आणखी मागे ओढावी लागते, आणि असेच हलकी बॅटरी लावलेले कितीतरी जण मागच्या बॅगेजमध्ये कायमची टूलकिट टाकून फिरतात, म्हणजे पैसे देऊन दहा पौंड काढायचे आणि फुकटचे दहा पौंड परत भरायचे!

पण हेही खरं की बायको मागे बसली आणि तिच्या मागे बॅगा आल्या की सीजी मागच्या हद्दीकडे पळतो, तेव्हा हीच हलकी बॅटरी उपयोगी पडते, बॅग घरी ठेवावी लागत नाही. आम्ही बहुतेक वेळा दोघं उडतो म्हणून मी ठेवलीये. एकटेच उडत असाल आणि प्रॉप धातूचा असेल तर मी तरी घेणार नाही.

आरव्ही-४ वाल्यांचं सगळंच उलट. ओ-३२० हे छोटं इंजिन आणि लाकडी प्रॉप असला की नाक आधीच हलकं, मागे माणूस बसला की सीजी मागे. तिथे हलका स्टार्टर लावणं म्हणजे दुखणं विकत घेणं. आमच्या फील्डवर एकाने तो लावला आणि मग प्रॉपच्या पुढे जड क्रश प्लेट (प्रॉप आवळून धरणारी चकती) बसवली, वजन परत जिथल्या तिथे, फक्त खिसा हलका झाला.

लिथियमच्या बाकी सवयी. विस्कॉन्सिनच्या थंडीत पहिलं क्रँक मरतुकडं असतं, घाबरायचं नाही, करंट वाहिला की बॅटरी आतून गरम होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या वेळी जोर येतो. इंजिनाचं प्रीहीट (सुरू करण्याआधी गरम करणं) करायचंच, ते बॅटरीसाठी नाही, तेलासाठी. व्होल्टमीटर बघण्याची सवय मात्र बदलायला लागते, १२.८ दिसलं की लेडची बॅटरी भरलेली असते पण लिथियमची जवळपास रिकामी, भरलेली असेल तर १३.३ दाखवते. चार्जर लिथियमला चालणारा हवा, लेडच्या बॅटरीसाठीचा डीसल्फेशन मोडवाला जुना चार्जर लावू नका. आणि अल्टरनेटरला ओव्हरव्होल्टेजचं संरक्षण नसेल तर ही बॅटरी घेऊच नका, आधी ते बसवा. फायरवॉलवर लावणार असाल तर उष्णतेचा विचार करा, मर्यादा ६० अंश सेल्सिअस आहे, उन्हाळ्यात टॅक्सी करून (विमान जमिनीवर चालवत नेऊन) उभं राहिलं की काउलखाली ते गाठायला वेळ लागत नाही, थंड हवेची नळी द्या.

मग एकूण हाती काय आलं? दोन्ही मिळून १८-१९ पौंड, म्हणजे पेट्रोलच्या हिशोबात तीन गॅलन, वीस मिनिटांचं उडणं. क्लाइंबमध्ये फरक जाणवला असं म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही, त्या दिवशीची हवा थंड असेल.

या नादात माणूस वाहवत जातो हे खरं. रिंग गिअरच्या सपोर्टला भोकं पाडणारे लोक आहेत, बोल्ट हलके लावणारे आहेत. विमानांचा डिझायनर बर्ट रुटानने आपल्या लाँग-ईझी विमानाला स्टार्टरच दिला नव्हता, हाताने प्रॉप फिरवायचा, पण तिथे सगळं विमानच तसं आखलेलं होतं, आपण आयत्या किटमध्ये कानस घेऊन बसणं वेगळं. इंजिन माउंट, होज, एक्झॉस्टचे क्लॅम्प यांना हात लावू नका. दोन-चार औंस वाचवून काउलखाली तेलाची नळी सुटली तर काय करणार?

रेटिंग द्यायचं तर स्टार्टर ५ पैकी ५, बॅटरी साडेतीन, त्यातला अर्धा कापला तो किमतीसाठी. घेण्याआधी विमान काट्यावर चढवा, ईएएच्या (हौशी विमानवाल्यांच्या संघटनेच्या) चॅप्टरकडे बहुतेक काटे असतात आणि मागितले की देतात, फक्त हिवाळ्यात सगळ्यांची हँगरमधली कामं निघतात तेव्हा रांग लागते, सप्टेंबरातच सांगून ठेवा.