कार्टसाठी ‘हाय टॉर्क’ मोटर घेताय? आमचं काय झालं ते आधी वाचा

गोल्फ कार्टला ‘हाय टॉर्क’, म्हणजे फिरवायचा जोर जास्त असलेली मोटर बसवून देतो असं सांगणारा बाहेरच्या राज्यातला एक व्यापारी सध्या खान्देशात फोन फिरवतोय. लॉन्सवाले, कृषी पर्यटनवाले, मोठे केळी बागायतदार, ज्यांच्याकडे जुनी बॅटरी कार्ट आहे अशांना तो बरोबर गाठतो. आमच्याकडून त्याने आधी मोटरचे आणि मग कंट्रोलरचे (मोटरला किती करंट द्यायचा ते ठरवणाऱ्या डब्याचे) पैसे घेतले. हातात पडली ती रंग मारलेली जुनी मोटर. दुसऱ्या कुणाचे पैसे जाऊ नयेत म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

आमचं शेत यावल तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला. केळीच्या जोडीला दादाने आणि मी कृषी पर्यटन सुरू केलंय. हिवाळ्यात भरीत पार्ट्यांना जळगाव-भुसावळची कुटुंबं येतात, सोबत आजी-आजोबाही असतात. गाड्या नाल्यापाशी लावाव्या लागतात आणि तिथून घरापर्यंत चढ आहे, साधारण आठ फुटाला एक फूट. म्हाताऱ्या माणसांना तो झेपत नाही, म्हणून जुनी सहा सीटची कार्ट घेतली. ४८ व्होल्टची, सिरीज मोटरची (हिच्यात फिरणाऱ्या आणि स्थिर वाइंडिंगमधून एकच करंट जातो). रिकामी सहज चढायची, भरली की अर्ध्यात थांबायची.

चढाचा हिशेब अवघड नाही. कार्ट आणि माणसं मिळून ९०० किलो धरा. एवढं वजन या चढावर ओढायला साधारण १,३०० न्यूटन जोर लागतो. ताशी १० किलोमीटरने चढायचं तर ३.६ किलोवॉट, आणि मोटर-गिअरमधला तोटा धरला की बॅटरीतून जवळपास १०० अँपियर. मध्येच थांबलेली भरली गाडी उचलायची तर मोटरमधून याच्या कितीतरी जास्त करंट जातो. म्हणजे आम्हाला वेग नको होता, जोर हवा होता.

मी त्याला हेच सांगितलं आणि लेखी विचारलं: मोटर सतत किती अँपियर सोसते, जास्तीत जास्त किती, आणि किती मिनिटं? उत्तरात त्याने नेमप्लेटचा फोटो पाठवला. रिव्हेट मारलेली पितळी पट्टी, त्यावर ४८ व्होल्ट, १० एचपी, इन्शुलेशन क्लास एच. सोबत एक व्हिडिओ. टेबलावर मोटर ठेवलेली, १२ व्होल्टच्या बॅटरीचे चिमटे लावले आणि शाफ्ट असा काही फिरायला लागला की टेबल हादरत होतं. फोनवर म्हणाला, “भाऊ, चढही चढेल अन् दीडपट पळेलही. कंट्रोलरला हातसुद्धा लावू नका.”

हा व्हिडिओ तो सगळ्यांना दाखवतो, म्हणून त्याबद्दल थोडं थांबून सांगतो. बिनालोड फिरणाऱ्या सिरीज मोटरवरून टॉर्क कळत नाही. लोड नसला की कुठलीही सिरीज मोटर सुसाट सुटते. पूर्ण ४८ व्होल्टवर तशी सोडली तर आर्मेचरमधलं, म्हणजे फिरणाऱ्या भागातलं वाइंडिंग उखडून बाहेर येऊ शकतं, म्हणून तर तो १२ व्होल्टवर दाखवतो. आणि “चढही चढेल, पळेलही” हे त्याच व्होल्टेजवर, त्याच कंट्रोलरवर होत नाही. बॅटरी आणि कंट्रोलर तेवढीच ताकद देणार असतील तर मोटरने जोर वाढवला की वेग थोडा उतरतो. खरी हाय टॉर्क मोटर विकणारा माणूस हे स्वतःहून सांगतो.

मोटर ट्रान्सपोर्टने आली. पूर्ण पैसे जमा झाल्यावरच त्याने बिल्टी पाठवली होती. बसवली, सहा माणसं घेतली, आणि गाडी नेहमीच्याच जागी थांबली. फोन केला तर म्हणाला, तुमचा कंट्रोलर छोटा आहे, ४०० अँपियरचा लागेल. आधी हात लावू नका म्हणणारा हाच माणूस. दादा म्हणाला, सीझन तोंडावर आलाय, एवढा खर्च केलाच आहे तर तोही बघू. कंट्रोलर आला, त्यावर मोठ्या अक्षरात ४०० लिहिलेलं. गाडी थोडी पुढे सरकली आणि मोटरमधून वार्निश जळाल्याचा वास यायला लागला.

दादाचा एक मित्र सोलरचं काम करतो, त्याला बोलावलं. त्याच्याकडे डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर आहे. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा: आपल्या वायरमनच्या खिशातला साधा क्लॅम्प मीटर फक्त एसी मोजतो, कार्टच्या केबलला लावला तर शून्य दाखवतो. आम्ही चढावर, भरल्या गाडीत, पॅडल पूर्ण दाबून मोटरच्या केबलवर मोजलं. ४०० लिहिलेला कंट्रोलर असून २५० अँपियरच्या वर आकडा गेलाच नाही. बॅटऱ्याही तपासल्या, तेव्हाही ४६ व्होल्ट टिकून होते, म्हणजे बॅटरी खाली बसत नव्हती. व्यापाऱ्याला हे सांगितलं तर त्याचं पुढचं वाक्य तयारच होतं: “आता लिथियम बॅटरी टाका, मग बघा.” तिथे आम्ही व्यवहार थांबवला.

मोटर उतरवून फैजपूरला नेली. आमच्या विहिरीच्या मोटारी जे आप्पा भरून देतात, त्यांच्याकडे. त्यांनी सगळ्यात आधी नेमप्लेट बघितली. फोटोत पितळी पट्टी होती, इथे चिकटवलेला स्टिकर. नखाने कड उचलली तर खाली रिव्हेटची दोन जुनी भोकं, पुट्टीने बुजवून वरून काळा रंग मारलेला. मग ब्रश काढले. ब्रश कोरे, कडा धारदार, पण कम्युटेटरवर (ब्रश घासतात त्या तांब्याच्या गोल भागावर) नख अडकेल एवढी खाच पडलेली. कोऱ्या ब्रशने अशी खाच पडत नाही, म्हणजे मोटर कित्येक वर्षं कुठेतरी चाललेली होती. शेवटी आप्पांनी फील्ड कॉइलवरचं, म्हणजे मोटरच्या स्थिर वाइंडिंगवरचं वार्निश ब्लेडने खरवडलं. आत पांढरी चकाकी. आप्पा म्हणाले, “हे तांबं नाहीच ना भो.”

ॲल्युमिनियम तांब्याच्या साधारण ६० टक्केच वीज वाहून नेतं. तेवढाच करंट न्यायचा तर तारेचा छेद दीडपटीहून मोठा लागतो, आणि तांब्यासाठी बनवलेल्या जागेत तेवढी तार मावत नाही. बारीक तार भरली की ती तापते. वर आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो. अशी मोटर मे महिन्यात किती टिकली असती, ते त्या जळक्या वासानेच सांगितलं होतं.

मोटर घ्यायचीच असेल तर तुमची कार्ट सिरीज आहे की सेपेक्स (फील्ड कॉइलला वेगळा करंट देणारी), हे आधी बघा. सिरीज मोटरला ए१, ए२, एस१, एस२ असे चार जाड बोल्ट असतात. सेपेक्सला ए१, ए२ जाड आणि एफ१, एफ२ बारीक. दोन्हींचे कंट्रोलर वेगळे, एकाची मोटर दुसऱ्यावर चालत नाही. आमच्या व्यापाऱ्याच्या यादीत दोन्हींसाठी एकच मोटर होती, तेवढ्यावरूनच त्याचा माल ओळखता येतो. शाफ्टच्या स्प्लाइनचे (गिअरमध्ये बसणाऱ्या खाचांचे) दाते मोजा. नेमप्लेटवर ड्यूटी (मोटर किती वेळ लोड घेऊ शकते) लिहिलेली हवी: एस१ (इथे बोल्टवरचा नव्हे) म्हणजे सतत चालणारी, एस२ – ६० मिनिट म्हणजे तेवढा वेळ पूर्ण लोड घेणारी. नुसत्या ‘१० एचपी’ला अर्थ नाही, तो आकडा काही सेकंदांचाही असू शकतो. आणि पूर्ण पैसे द्यायचे ते तुमच्या चढावर, तुमच्या माणसांसह, मीटर लावून बघितल्यावरच. याला जो तयार होत नाही त्याच्याशी बोलणं तिथेच संपवा.

बिल त्याने बराच तगादा लावल्यावर पाठवलं. त्यावरचा जीएसटी नंबर सरकारी पोर्टलवर टाकला, त्याला लॉगिन लागत नाही. नंबर भलत्याच नावावर निघाला, तोही रद्द झालेला. आता आम्ही जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दिली आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे ती आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, विकणाऱ्याच्या गावी जावं लागत नाही. मुदत दोन वर्षं, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. धंद्यासाठी घेतलेली वस्तू या कायद्यात बसत नाही असं कुणी सांगेल, पण स्वतःच्या कष्टावर चालणाऱ्या स्वयंरोजगारासाठी, पोटापाण्यासाठी घेतलेली वस्तू बसते. ते वाक्य तक्रारीत घालायला विसरू नका. सल्ल्यासाठी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. ऑनलाइन पैसे पाठवले आणि माल आलाच नाही तर १९३० वर लगेच फोन करा, तिथे उशीर झाला की रक्कम अडवणं कठीण होतं.

कार्ट सध्या मूळ मोटरवरच चालतेय. आप्पांनी ती तांब्याने नव्याने भरून दिली, जुना कंट्रोलर परत लावला, १६ स्क्वेअर मिलिमीटरच्या केबलच्या जागी ३५ ची टाकली आणि चढावर आम्ही चारच माणसं बसवतो.

ज्यांनी त्याच्याकडून मोटर घेऊन बसवली आहे त्यांनी ती एकदा उघडा. स्टिकरखाली भोकं आहेत का, कम्युटेटरवर खाच आहे का, बघा. साक्षीदार समोर ठेवून व्हिडिओ काढा, बिल्टी, बँकेची नोंद आणि व्हॉट्सअॅपवरचं बोलणं जपून ठेवा. फोटोतली पितळी पट्टी आणि हातातला स्टिकर, आमच्या तक्रारीत हाच पहिला पुरावा जोडला आहे.