क्लोरीनच्या लाइनवर हीटेड कॅपॅसिटन्स गेज: काही महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या ॲल्युमिनियम एचिंगच्या (वायूंनी धातूचा थर कोरून काढण्याच्या) निर्वात चेंबरवर क्लोरीन आणि बोरॉन ट्रायक्लोराइड चालतात. आधी प्रेशर पिरानी गेजवर पाहिलं जायचं. पण पिरानी खरं तर वायू त्याच्या आतल्या तापलेल्या तारेची उष्णता किती वाहून नेतो ते मोजतो, आणि त्यावरून दाब दाखवतो. त्यामुळे नायट्रोजनवर कॅलिब्रेट केलेला गेज आर्गॉनमध्ये प्रत्यक्षापेक्षा कमी प्रेशर दाखवतो. त्यातून ती बारीक तापलेली तार थेट क्लोरीनमध्ये! ती खाल्ली गेली किंवा तिच्यावर थर बसला, तरी गेज आकडा दाखवतच राहतो.

म्हणून आम्ही कॅपॅसिटन्स गेजकडे वळलो. त्यात वायूचा संबंध फक्त एका पातळ पडद्याशी येतो; पडदा किती वाकला ते मोजणारे इलेक्ट्रोड पलीकडच्या सीलबंद बाजूला असतात. पडदा वाकतो तो दाबाने, मग वायू कुठलाही असो. पडद्यासाठी इनकोनेल (निकेलचा मिश्रधातू) आणि सिरॅमिक असे दोन पर्याय होते. आम्ही सिरॅमिक घेतला, १ टॉर फुल स्केलचा, म्हणजे जास्तीत जास्त १ टॉर दाब मोजणारा (टॉर हे दाबाचं एकक, मिलिटॉर त्याचा हजारावा भाग). प्रोसेस मिलिटॉरमध्ये चालत असेल तर १००० टॉरचा गेज घेऊ नका, खालच्या टोकाला त्याच्या आकड्यांना अर्थ उरत नाही.

खरा फरक पडला तो तापमानामुळे. एचिंगमध्ये तयार होणारं ॲल्युमिनियम क्लोराइड थंड पृष्ठभाग दिसला की तिथे जाऊन बसतं. १०० अंशांवर ठेवलेल्या गेजमध्ये ते फारसं टिकत नाही. मात्र चेंबर आणि गेज यांच्यामधला नळीचा तुकडाही गरम हवा, नाहीतर पावडर तिथेच साचते आणि गेजपर्यंत खरा दाब पोचत नाही. कॅटलॉगमध्ये अचूकतेचे टक्के ठळक छापलेले असतात; मी विकत घेताना आधी तापमान बघेन, मग पडदा, आणि टक्के सगळ्यात शेवटी.

झीरोची, म्हणजे दाब जवळपास शून्य असताना गेज काय दाखवतो त्याची, वही मात्र ठेवाच. गेज काही तास तापू द्यायचा, टर्बो पंपाने (वेगाने फिरणाऱ्या पात्यांच्या निर्वात पंपाने) चेंबर ०.०१ मिलिटॉरच्या खाली न्यायचं आणि मगच झीरो तपासायचा. आमचा झीरो इतक्या महिन्यांत थोडाच सरकला आहे. तो एकाच दिशेने भराभर सरकायला लागला, तर पडद्यावर थर चढतोय असं समजा. दर वेळी बटण दाबून झीरो करत राहिलात, तर हा इशाराच पुसला जातो.

चेंबर उघडण्याआधी गेजला चेंबरपासून तोडणारा आयसोलेशन व्हॉल्व्ह बंद करतो. हवेतली ओल आणि उरलेलं क्लोराइड मिळून हायड्रोक्लोरिक ॲसिड होतं आणि ते स्टीलच्या फिटिंगलाही सोडत नाही. गेज बसवताना तोंड खाली ठेवलंय, म्हणजे कण आत पडत नाहीत. पिरानी अजून आहे, पण व्हॉल्व्हमागे आणि फक्त पंपडाउन, म्हणजे चेंबरमधली हवा उपसली जाताना दाब कसा उतरतो ते, बघण्यापुरता.